दूधवाल्याला आता कोण ओरडणार?

शोकावर कविता लिहिणाऱ्या माणसानं आधी एखाद्या मेल्या घरी जाऊन मागच्या दाराशी तासभर बसावं आणि मग लेखणी उचलावी. हे मी रागानं लिहितेय. राग उतरल्यावरही खोडणार नाही.

तंजावूरच्या मराठी बाईनं आपल्या धंद्याविषयी लिहावं असं या अंकाच्या संपादकबाईंनी कळवलं. लग्नकार्यातल्या गमती येतील असं त्यांना वाटलं असावं. गमती होत्या, पण त्या आठवायला बसलं की दुसरंच आठवतं. माझं शिक्षण चार इयत्ता, तेही तमिळ शाळेत. देवनागरी आईनं परातीत पीठ पसरून बोटानं शिकवली. तेव्हा चुकलं असेल तिथं दुरुस्त करा, पण गोड करू नका. गोड केल्यामुळे काय होतं तेच सांगणार आहे.

आमचा धंदा माइक सेटचा. कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट लावायचं यंत्र, वायरींची भेंडोळी आणि रंगीत दिव्यांच्या माळा. नवऱ्यानं सुरू केला आणि चाळिशीत तो गेला, मग मी चालवला. खांबावर चढायला माणूस ठेवला होता, बाकी सगळं मी. "बाई सेट लावते" म्हणून लोक पहिल्यांदा बघायला यायचे. मग सवय झाली.

तिकडे महाराष्ट्रात मेल्या घरी हळू बोलतात असं ऐकते. आमच्याकडे उलट. माणूस गेला हे गल्लीला, पलीकडच्या गल्लीला, बसस्टॉपला कळलंच पाहिजे. म्हणून मेल्या घरचा माणूस आधी आमच्या दारात उभा राहायचा. न्हावी, शंख फुंकणारा, बांबू, सगळं नंतर. माझे नियम होते. बाळंतिणीच्या घराकडे कर्ण्याचं तोंड करायचं नाही. आवाज इतकाच की शेजारच्या म्हाताऱ्याला झोप लागावी. एकदा एकाच गल्लीत लग्न आणि मयत आलं, आणि दोन्हीकडे सेट माझाच. लग्नाचे कर्णे पूर्वेला फिरवले, मयताचे पश्चिमेला. मुहूर्ताच्या वेळी मयताच्या घरानं आपण होऊन माइक बंद केला, आणि प्रेत उचलताना लग्नघरानं नादस्वर थांबवला. माणसं तेव्हा अशी होती. आता कर्णा कुठल्या जातीच्या गल्लीकडे वळतो त्यावरून डोकी फुटतात.

मेल्या घरी माइक लागायचा तो मुख्यतः ओप्पारीसाठी. ओप्पारी म्हणजे मेलेल्यासाठी गाऊन रडणं. बायका गोल बसतात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकतात, पुढेमागे डुलतात आणि एकेक जण ओळ उचलते. मराठीत "रडगाणं" म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून तो शब्द वापरत नाही. ज्या घरात कोणाला जमत नाही, तिथं जमणारीला बोलावतात.

आमच्या भागात जमणारी एकच, अंजलै. काळी, उंच, पुढचे दोन दात नसलेली. बाकी वेळी शेतात लावणी करायची. ती प्रेत बघायच्या आधी मागच्या दाराशी जाऊन बसायची. पुढल्या दारानं तिला कोण आत घेणार? आवाज माजघरापर्यंत चालायचा, बाई चालायची नाही. माझा सेट लागेपर्यंत ती घरच्या बायकांना तीनच गोष्टी विचारायची. काय खायची? कुणावर ओरडायची? काय राहून गेलं?

"किती भली होती ते विचार की," एखादी सून म्हणायची.

"मेल्यावर सगळ्याच भल्या असतात, अम्मा. ते सांगायला मी कशाला पाहिजे? ओरडायची कुणावर ते सांग."

मग ती माइकसमोर बसायची आणि त्या तीन उत्तरांतून मेलेलं माणूस उठून बसायचं. खोटं बोलत नाही. सासूवर जन्मभर धुमसलेल्या सुना मी तिथं कोसळताना पाहिल्यात.

माझी आई गेली ती कलर टीव्ही आणि केबल घराघरात शिरत होते त्या सुमाराला. गल्लीत तिला सगळे मराठी पाट्टी म्हणायचे. पाट्टी म्हणजे आजी. मी सेट लावण्याच्या अवस्थेत नव्हते. गावातला दुसरा माइक सेटवाला सेल्वम, मला अक्का म्हणायचा, तो आपण होऊन आला. "अक्का, आज तुम्ही नुसत्या लेकीसारख्या बसा, सेट मी बघतो," म्हणाला. मला बरं वाटलं. त्या वेळी बरंच वाटतं.

अंजलै मागच्या दाराशी आली. उत्तरं मीच दिली. खायची काय? डांगर, म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून, वर फोडणी. ओरडायची कुणावर? दूधवाल्यावर, तेही मराठीत, म्हणजे त्याला एक अक्षर कळू नये. राहून काय गेलं? एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन राहिलं.

"एका डोळ्यानं दिसायला लागल्यावर काय म्हणाली?" अंजलैनं विचारलं. एवढं ती सहसा विचारत नसे.

"म्हणाली, अगं, तू म्हातारी झालीस की!"

अंजलै दात नसलेलं हसली आणि माइककडे गेली. ती तमिळात गायली. मी अर्थ मराठीत लिहिते, सूर कागदावर येत नाही. राजवाड्याची बोली म्हणजे मराठी, इथल्या मराठी राजांची.

राजवाड्याच्या बोलीत दूधवाल्याला शिव्या देणारी,
उद्या तो पाणी घालून आणेल, त्याला आता कोण ओरडणार?
डांगर कालवून ठेवलंय ग आई, दही आंबट होतंय, ऊठ.
एका डोळ्यानं लेकीचं म्हातारपण पाहिलंस,
दुसरा डोळा कुणाला बघायला झाकून ठेवलास?

दूधवाला फाटकापाशी उभा होता. तो कॅन खाली ठेवून रडला. पाणी घालायचाच तो.

दीड-दोन वर्षांनी तिरुवैयारुला एका घरी सेट लावायला गेले. रिटायर झालेला बस कंडक्टर गेला होता. अंजलैला बोलवायचं का म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, "कशाला अम्मा? कॅसेट आहे ना." नवीन कॅसेट होती, वरच्या कागदावर पेटत्या समईचं चित्र. मी यंत्रात घातली, बटण दाबलं, आणि चारी कर्ण्यांतून माझी आई बाहेर आली. राजवाड्याची बोली, दूधवाला, डांगर, डोळा. अंजलैचा आवाज. मागे माझंच हुंदके देणं.

मी यंत्र बंद केलं.

"का बंद केलंत?" मुलगा धावत आला. "बायका आत्ता कुठं रडायला लागल्या होत्या!"

"ही माझी आई आहे."

"काय?"

"कॅसेटमध्ये. ती माझी आई आहे. तुझ्या बापानं कधी डांगर खाल्लं होतं का? मराठीत शिव्या दिल्या होत्या का?"

त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तेवढ्यात कंडक्टरची बायको, डोक्यावरून पदर ओढलेली, उंबऱ्यापाशी सरकत आली. म्हणाली, "लाव ग बाई. माझ्या पोटातलं बोलतेय ती. दूधवाला कुणाचा का असेना."

लावावी लागली. दिवसभर लावली. उलटायची, पुन्हा लावायची. आणि त्या परक्या बायका माझ्या आईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी ऊर बडवून रडल्या. खोटं खोटं रडल्या असत्या तर मला इतका राग आला नसता.

सेल्वमला दुकानात जाऊन धरलं. त्यानं त्या दिवशी सेट लावताना यंत्रात कोरी कॅसेट घालून बटण दाबून ठेवलं होतं.

"तुमच्यासाठीच केली होती अक्का, आठवण म्हणून. मग कॅसेट कंपनीवाला आला, त्यानं ऐकली, म्हणाला दे. चांगलं आहे म्हणूनच तर घेतली ना त्यानं?"

"मला का नाही दिलीस?"

"द्यायचीच होती," म्हणाला. बाजारात सगळं मिळायला लागलं होतं त्या वर्षांत. परदेशी साबण, परदेशी पेन. माझी आईसुद्धा मिळायला लागली.

तिथून अंजलैकडे गेले. तिनंच विकली असेल असं डोक्यात घेऊन गेले होते. ती अंगणात शेळीला शिव्या घालत होती. कॅसेट दाखवली तर तिनं उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. तिच्याकडे ऐकायला यंत्रही नव्हतं.

"मी तुझ्या आईसाठी रडले अक्का. ते तिथंच संपलं. यात जी रडतेय ती मी नाही."

"आवाज तुझाच आहे."

"आवाज असेल. मला विचारलं का कुणी, आज कोण मेलंय?"

कागदावर तिचं नाव नव्हतंच. "गीत रचना" म्हणून एका कवीचं नाव होतं. नाव इथं लिहीत नाही, माणूस हयात नाही. तंजावूरातच राहायचा, शाळामास्तर. लग्नपत्रिकेवर आशीर्वादाच्या ओळी, पुढारी मेला की शोकसभेत लांबलचक कविता. तसल्या कितीतरी सभांना सेट माझाच असायचा. सूर्य मावळला, वटवृक्ष कोसळला, तमिळ माता पोरकी झाली. नाव बदललं की तीच कविता दुसऱ्या पुढाऱ्याला चालायची. टाळ्या व्हायच्या. मयताला टाळ्या! मी अ‍ॅम्प्लिफायरमागे बसून कपाळ धरायची.

मी त्याच्या घरी गेले. नवीन रंगवलेलं फाटक, व्हरांड्यात झोपाळा. त्याच्या बायकोनं कॉफी आणून दिली. वागायला वाईट नव्हता, हेही सांगते.

"बसा अम्मा. लोकगीताला मालक नसतो," तो म्हणाला.

"मग तुमचं नाव कसं?"

"मी त्याला जरा आकार दिला."

"कुठं? एक अक्षर बदललेलं नाही. माझं रडणंसुद्धा तसंच आहे."

"कंपनीला एक नाव लागतं. त्या शेतमजूर बाईचं नाव घालून कॅसेट कोण घेणार?"

"तुमच्या आईसाठी लिहिलंय का कधी?" मी विचारलं.

"लिहिलंय. ती करुणेची गंगा होती."

"खायची काय?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं आठवतोय. पण तो म्हणाला, "कवितेत ते येत नाही, अम्मा."

माझं डोकं तडकलं. म्हटलं, "माझी आई त्यातून काढा. ती तुमच्या धंद्यासाठी मेली नाही. गावोगाव परक्यांच्या प्रेतांवर तिला उभी करू नका."

त्यानं शांतपणे मान हलवली. "कंपनी नवीन कॅसेट काढणारच आहे. काढतो."

आणि काढली. हेच मला अजून गिळता येत नाही. त्यानं माझं ऐकलं. काही महिन्यांत नवी कॅसेट आली. सेल्वमच घेऊन आला, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. दुकानात लावली. मागे व्हायोलिन, घोटून गाणारी शिकलेली गायिका. तू विझलेला दीप, तू मावळलेला चंद्र, तुझ्याविना माझं जीवन सागरातली एकटी नाव. दूधवाला नाही, डांगर नाही. डोळा नाही.

"आता समाधान, अक्का?"

मी बटण दाबून बंद केलं. आणि मग कळलं की घरी आई नव्हतीच, निदान चार कर्ण्यांतून तरी अधूनमधून भेटत होती. तीही गेली.

पुन्हा त्या मास्तरकडे गेले. म्हटलं, माझी आई कुठाय?

"अम्मा, काढा म्हणून तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "आणि तो फुटका डोळा ऐकायला बरा वाटत नव्हता. आता बघा, कुणाच्याही घरी चालेल."

"कुणाच्याही घरी चालेल ते कुणाच्याच घरचं नसतं," मी म्हटलं आणि कॉफी न पिता उठले. फुटका नव्हता तो डोळा. नुसता राहिला होता.

जुनी कॅसेट शोधायला मी पापनाशमपर्यंत फिरले. कंपनीवाल्यानं मूळ टेपवर सिनेमाची गाणी भरली होती. एका चहाच्या दुकानात सापडली, ती उन्हानं ताणली गेलेली. आई पुरुषाच्या आवाजात गोगलगायीसारखी सरकत होती. ती मी घेतली नाही.

नव्या कॅसेटवर लोक रडायचे का? कमी रडायचे. पण चहा पीत ऐकता यायची, मध्येच फोनवर बोलता यायचं, म्हणून चालली. मी माझ्या सेटवर ती लावणार नाही असं सांगून टाकलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि सेल्वमकडे गेले. मी लग्नांवर आणि देवळांवर धंदा चालवला. अंजलैला बोलावणं जवळजवळ बंद झालं. कधी लांबच्या खेड्यात, कॅसेट न पोहोचलेल्या ठिकाणी जायची.

एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. ओट्यावर बसली, पंख्याखाली आत ये म्हटलं तरी आत आली नाही. सवय.

"अक्का, तू मेलीस तर तुझी पोरं मला बोलावतील का?"

"त्यांना विचार."

"तुझी पोरं कॅसेट लावतील. म्हणून म्हटलं, आत्ताच विचारून घ्यावं. काय खातेस?"

"अंजलै, मी जिवंत आहे."

"म्हणून तर उत्तर खरं मिळेल. काय खातेस?"

मी म्हटलं, कॉफी. जीभ भाजेल इतकी कढत. निवली तर ओतून देते.

"कुणावर ओरडतेस?"

"तुला माहीत नाही?"

"कुणावर ओरडत नाहीस ते सांग, ओळ लहान होईल." आणि स्वतःच हसली. "आता शेवटचं. काय राहून गेलं?"

मी विचार केला. नवरा लवकर गेला, ते माझ्या हातात नव्हतं. धंदा केला. पोरं मार्गी लागली. मराठी त्यांना कळते, बोलायला लाजतात, त्याला मी काय करू? म्हटलं, "काही राहिलं नाही."

"मग गाणं व्हायचं नाही," ती म्हणाली. "काहीतरी राहू दे अक्का. ज्याचं काही राहिलं नाही त्याच्यासाठी कसं रडणार?"

तरी तिनं दोन ओळी तिथंच बसून गुणगुणल्या. कढत कॉफीच्या. मी उठून आधी अ‍ॅम्प्लिफायरची वायर भिंतीतून काढली, यंत्रात कॅसेट नाही हे उघडून बघितलं आणि मग ऐकलं. त्या ओळी लिहिणार नाही. त्या माझ्या आहेत.

मला वाटलं होतं मी आधी जाईन. अंजलै आधी गेली. निरोप यायच्या आधी कर्ण्यावरूनच कळलं. तिच्या गल्लीत सेल्वमचा सेट लागला होता आणि त्यातून विझलेला दीप, मावळलेला चंद्र, सागरातली नाव. अंजलैवर! मी चालत गेले, चपला न घालता. सेल्वमच्या माणसाला म्हटलं, बंद कर. त्यानं मालकाकडे पाहिलं. सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः बंद केलं. तेवढं त्याच्या खात्यावर मांडते.

अंजलैचा मुलगा चिडला. "अम्मा, आमच्या आईला शोभेलसं चांगलं लावलं होतं. सगळ्या मोठ्या घरांत हीच लावतात."

"तुझी आई मोठ्या घरांत काय गायची ते तुला माहीत आहे का?" म्हटलं आणि मागच्या दाराशी गेले. तिच्या सुनेला विचारलं. काय खायची? कुणावर ओरडायची? काय राहून गेलं? पोरगी बावरली, पण तिनं सांगितलं. उत्तरं घेऊन मी पुढे आले तर गायला कोणी नव्हतं. बायका गोल बसल्या होत्या, खांद्यांवर हात होते, माइक उभा होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला सूर नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडापुढे माइक धरला, माझ्या तोंडाला तो कधी लागला नव्हता. मी फक्त बोलले, बाजारात भाव सांगावा तशी. बायकांनी त्यावर जमेल तसा आवाज काढला. वाईट झालं. अंजलै असती तर मध्येच थांबवून म्हणाली असती, "अक्का, तू बस."

ते तिथं नीट झालं नाही म्हणून इथं लिहिते. याला कविता म्हणा किंवा म्हणू नका, मला कुठल्या कॅसेटच्या कागदावर नाव नको आहे.

अंजलै रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खायची, तोंडी लावायला ताकातली वाळवलेली मिरची, तीही कच्चीच. शेळीवर ओरडायची, शेळीचं नाव तिनं पंचायतीच्या प्रेसिडेंटचं ठेवलं होतं. आणि राहून काय गेलं असं विचारलं तेव्हा सून म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, त्या माइकवाल्या मराठी अक्काचं एक गाणं तयार आहे, तेवढं गायचं राहिलंय."

अंजलै, आता माझंही काहीतरी राहिलं बघ.